‘धोका’ हा शब्द वगळून

व्हर्लीन टॅकेट आमच्या कॉलेजात शिकवायला आली तेव्हा क्षेपणास्त्रांच्या कारखान्यातून नुकतीच निवृत्त झाली होती. अमेरिकेतल्या उत्तर अलाबामात असले कारखाने पुष्कळ, म्हणून याचं कुणाला नवल वाटत नाही. इथे चर्चमध्ये शेजारी बसणारा माणूस दिवसभर नेमकं काय करतो, हे त्याच्या बायकोलाही ठाऊक नसतं आणि ती विचारतही नाही. मी गणित शिकवते. माझा वर्ग आणि तिची प्रयोगशाळा यांच्यामध्ये फक्त एक भिंत, त्यामुळे डबा खायला आम्ही एकत्र बसायचो.

“तीस वर्षं जे केलं त्यातलं अक्षर कुणाला सांगता आलं नाही,” ती एकदा मला म्हणाली होती. “आता एक तरी गोष्ट अशी करायचीय की जी ज्याला पाहिजे त्यानं उचलून न्यावी.”

ती गोष्ट म्हणजे लार्क. शाळा-कॉलेजची मुलं उडवतात त्या रॉकेटच्या पोटात बसणारं, काड्यापेटीएवढं एक सर्किट. रॉकेट वर जातं, वर जाता जाता त्याचा वेग संपतो, आणि नेमक्या त्या घडीला पॅराशूट बाहेर पडलं नाही तर सगळी मेहनत दगडासारखी खाली येते. लार्क हवेचा दाब मोजून ती घडी ओळखायचं आणि चिमूटभर बंदुकीच्या दारूला ठिणगी द्यायचं. दारू उडाली की रॉकेटचं टोक निघून पडायचं आणि मागोमाग पॅराशूट यायचं. दुकानात असलं यंत्र महाग मिळतं. व्हर्लीननं ते स्वस्तातल्या सुट्या भागांतून बसवलं, आणि त्याचे सगळे आराखडे, प्रोग्रॅम, जोडणीची चित्रं इंटरनेटवर खुली करून टाकली. परवानगी नको, पैसे नकोत. लोकांनी ती उचलली. ब्राझीलमधून, पोलंडमधून, फिलिपाइन्समधून फोटो यायचे आणि ती ते प्रयोगशाळेच्या दारावर चिकटवायची.

सगळ्यात जास्त पत्रव्यवहार होता झांबियातल्या कित्वे शहरातल्या चिलेशे कलाबाशी. ती तिथल्या एका मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची. बाई जिभेची तिखट. तिकडे थोरांच्या नावाआधी मानानं ‘बा’ लावतात, म्हणून ती व्हर्लीनला ‘बा व्हर्लीन’ म्हणायची, आणि त्याच वाक्यात तिची खरडपट्टी काढायची. “बा व्हर्लीन, तुमची जोडणीची चित्रं काढणाऱ्याला चष्मा लावा. माझ्या नववीच्या मुलींनी तीन चुका शोधल्यात.” व्हर्लीन हसून चुका सुधारायची आणि खाली मुलींची नावं टाकायची. दोघी एकमेकींना कधी भेटल्या नव्हत्या. पण चिलेशेच्या आईला गुडघ्याचा त्रास आहे हे मलादेखील माहीत होतं.

बिघडलं ते उन्हाळ्याच्या सुटीनंतर. आमच्या एका विद्यार्थ्यानं, अँब्रोज व्हिटलोनं, स्पर्धेसाठी लार्कला जोड देऊन रॉकेटचे पंख हलवायची सोय केली. म्हणजे रॉकेट आता स्वतःची दिशा सुधारू शकणार. मुलगा हुशार, काम सुरेख. त्यानं ते सगळ्यांसाठी टाकायची तयारी केली, आणि कॉलेजच्या रिवाजाप्रमाणे ते आधी रॉइस हॉलिफील्डकडे गेलं.

रॉइस आमचा निर्यात कायद्याचा माणूस. कुठलं यंत्र, कुठली माहिती देशाबाहेर जाऊ शकते आणि कुठली नाही, हे बघणं त्याचं काम. रुंद चेहऱ्याचा, हळू बोलणारा, व्हर्लीनच्याच चर्चमधला. तिच्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान. दुसऱ्या दिवशी तो टोपी हातात घेऊनच प्रयोगशाळेत आला.

“मिस व्हर्लीन, पंख हलवून दिशा धरणारं रॉकेट, याला बाहेरच्या जगात काय म्हणतात ते तुम्हाला मी सांगायला नको.”

“नको. पण ती जोड वेगळी, रॉइस. ती ठेव बाजूला. जुनं लार्क तर वर्षानुवर्षं उघडं आहे. प्रसिद्ध झालेली माहिती कायद्याच्या बाहेर असते, हे तूच आम्हाला शिकवलंस.”

“प्रसिद्ध झालेली असते. पण तुम्ही परदेशातल्या लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देता, त्यांची यंत्रं दुरुस्त करून देता. ती माहिती नव्हे, ती मदत. आणि आता इंटरनेटवरच्या त्याच पानावर पंखांची जोडही यायचीय. वॉशिंग्टनला विचारलंय मी. उत्तर येईपर्यंत सगळं बंद.”

“सगळं?”

“पान उतरवायचं. परदेशी माणसाला लार्कबद्दल एक तांत्रिक ओळ लिहायची नाही. तुम्ही, मुलांनी, कुणीच नाही.” मग त्यानं आवाज खाली आणला. “याच राज्यात एक प्राध्यापक तुरुंगात गेलेला मी पाहिलाय. त्याच्या खोलीतलं सामान खोक्यात भरायला मीच होतो. तुमचं सामान मला भरायचं नाही.”

व्हर्लीननं पान उतरवलं. कुरकुर केली नाही. न बोलण्याची तिला आयुष्यभराची सवय. पानाच्या जागी कॉलेजनं एक वाक्य लावलं: निर्यात कायद्याच्या तपासणीसाठी हे आराखडे मागे घेतले आहेत. चिलेशेनं लगेच विचारलं, “आमचं काय चुकलं?” व्हर्लीननं लिहिलं, “तुमचं काही नाही. मला काही दिवस बोलता येणार नाही.” चिलेशेचं उत्तर आलं, “बरं. आम्ही तुमची चित्रं आधीच उतरवून घेतलीत. चार लार्क तयार आहेत. स्वातंत्र्यदिनाला उडवणार.”

त्यांचा स्वातंत्र्यदिन ऑक्टोबरच्या शेवटी येतो.

त्याच महिन्याच्या मध्यावर व्हर्लीन जुनी लार्क तपासून कपाटात ठेवत होती. मी तिच्या टेबलाशी सँडविच खात बसले होते. चाचणीसाठी ती दारूच्या जागी एक लहानसा दिवा जोडायची. दिवा लागला म्हणजे दारू उडाली असती, असा हिशेब. तिनं एक अर्धवट उतरलेली बॅटरी लावली, कारण हाताशी तीच होती, आणि बटण दाबलं. बटण जरा सैल होतं, तिनं ते हलवलं.

दिवा लागला आणि विझला. डोळ्याचं पातं लवावं इतकाच वेळ.

“हे काय?” मी विचारलं.

तिनं पुन्हा बटण हलवलं. दोनदा काही झालं नाही, तिसऱ्यांदा दिवा पुन्हा लागला. तिनं चष्मा काढून टेबलावर ठेवला. तिचा चेहरा असा कधी पाहिला नव्हता.

“बॅटरी मरगळलेली असली की हे चालू होता होता बंद पडतं आणि पुन्हा चालू होतं,” ती म्हणाली. “त्या मधल्या क्षणी ठिणगीच्या वाटेवर कुणाचाच ताबा नसतो. तिथं एक रेझिस्टर हवा होता, वाट बंद धरून ठेवणारा. दोन पैशांचा. मी घातलाच नाही.”

“मग?”

“मग जमिनीवर उभ्या रॉकेटमध्ये ठिणगी पडू शकते. आणि बटण दाबणाऱ्याचं तोंड त्याच्यासमोर असतं.”

पान उघडं असतं तर त्याच दुपारी तिनं सगळ्यांना कळवलं असतं. एक वाक्य, एक चित्र, संपलं. आता ती रॉइसकडे गेली. मीही गेले.

रॉइसनं सगळं ऐकून घेतलं. तो उडवून लावणाऱ्यांतला नव्हता. “मलाही ते कळवायचंय,” तो म्हणाला. “पण कुठला भाग कुठे जोडायचा, ही तंतोतंत तांत्रिक मदत झाली. बंद असलेल्या यंत्राची, परदेशी माणसाला. मी वकिलांना विचारतो.”

“विचार. पण लवकर विचार. कित्वेच्या पोरी स्वातंत्र्यदिनाला उडवतायत.”

कॉलेजचे वकील आमच्याच राज्यातल्या बर्मिंगहॅमला बसत. व्हर्लीननं दोन ओळींचा मजकूर लिहून पाठवला: लार्कमध्ये धोका आहे, बॅटरी कमी असताना ते जमिनीवरच दारू पेटवू शकतं, वापरू नका. त्यावर वकिलांचं म्हणणं आलं. ‘बॅटरी कमी असताना’ हे तांत्रिक, ते काढा. ‘दारू पेटवू शकतं’ हेही तांत्रिक. आणि ‘धोका’ लिहिलं तर कॉलेजनं धोकादायक वस्तू जगाला वाटली अशी कबुली होते, तेव्हा तोही शब्द काढा. शेवटी मजकूर उरला तो असा: लार्कचे आराखडे मागे घेण्यात आले आहेत. त्यांचा वापर करू नये, अशी कॉलेजची विनंती आहे.

“रॉइस, हे वाचून कुणाला काय कळणार?” व्हर्लीननं विचारलं.

“वापरू नका एवढं तरी कळेल.”

“का वापरू नका, ते नाही कळणार. हेच तर ऑगस्टपासून पानावर लावलंय आपण.”

“मिस व्हर्लीन, माझ्या हातात एवढंच आहे.”

तिनं ते जसंच्या तसं पाठवलं. चिलेशेचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. व्हर्लीननं मला ते वाचायला दिलं, स्वतः खिडकीशी जाऊन उभी राहिली.

“बा व्हर्लीन, हे तुम्ही लिहिलेलं नाही, हे मला दिसतंय. तुमच्या साहेबांना सांगा, आधी ज्यावर ‘सगळ्यांसाठी’ लिहिलं होतं ते आता आमच्यासाठी नाही, हे कळलं. आमच्या पोरी काही बॉम्ब करत नाहीत. गावातले पाहुणे, पालक, शिक्षणाधिकारी सगळ्यांना आमंत्रणं गेलीत. विनंती आहे म्हणता, तर ती आम्ही नाकारतो. यंत्रात काही बिघाड असेल तर तेवढं मात्र सरळ सांगा. एक शब्द सांगा, मी रॉकेटं कुलपात ठेवते.”

“एक शब्द,” व्हर्लीन म्हणाली. “ती एक शब्द मागतेय.”

तिनं ते पत्र घेऊन पुन्हा रॉइसला गाठलं. रॉइसनं तिच्यासमोर वकिलांना फोन लावला. वकील म्हणाले, आता समोरचा माणूस थेट तांत्रिक प्रश्न विचारतोय, तेव्हा तर उत्तर देणं आणखीच अवघड; शुक्रवारपर्यंत विचार करून कळवतो. व्हर्लीन शुक्रवारची वाट पाहत राहिली. तिनं तेव्हाच का नाही लिहिलं, असं नंतर अनेकांनी विचारलं. तिला जवळून पाहिलेल्यानं विचारलं नसतं. तिच्या पिढीनं या गावात घरं, पेन्शनी, पोरांची शिक्षणं, सगळं एकाच गोष्टीवर उभं केलं होतं: तोंड बंद ठेव म्हटलं की बंद ठेवायचं. तिच्या कारखान्यात एकीनं जेवणाच्या टेबलावर काहीतरी बोलून नोकरी गमावली होती आणि कुणीच तिची बाजू घेतली नव्हती. व्हर्लीननंही नाही.

शुक्रवारी जेवणाच्या सुटीपर्यंत वकिलांचा निरोप आला नाही. दुसरा दिवस कित्वेत स्वातंत्र्यदिन. व्हर्लीननं डबा उघडला, तसाच बंद केला आणि आपला स्वतःचा लॅपटॉप काढला.

“तू बाहेर जा,” ती मला म्हणाली.

“का?”

“तू पाहिलं नाहीस, असं तुला म्हणता यावं म्हणून.”

मी गेले नाही. तिनं सगळं लिहिलं. दोष काय, कुठे, बटण हलवलं की काय होतं, रेझिस्टर कुठल्या दोन टोकांमध्ये लावायचा. वर मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘धोका. हात लावू नका. तोंड जवळ नेऊ नका.’ आणि पाठवून दिलं. मग फोन लावला. कित्वेत तेव्हा रात्र झालेली. फोन बंद. घरी जाऊन लावला, बंद. शाळेचा नंबर लावला, तो सुटीमुळे कुणी उचलला नाही. झोपेपर्यंत लावत राहिली असावी. मी विचारलं नाही.

कित्वेत त्या आठवड्यात वीज दिवसातून जेमतेम काही तास येत होती. चिलेशेचा फोन संध्याकाळीच मेला होता. रॉकेटमधल्या बॅटऱ्याही रात्रभर लावून ठेवल्या, पण वीज मध्येच गेली आणि त्या अर्ध्याच भरल्या. सकाळी सगळे मैदानावर गेले. झेंडा लागला, गाणी झाली. पहिलं रॉकेट सुरेख उडालं, पॅराशूट उघडलं, पोरींनी मैदान डोक्यावर घेतलं. दुसऱ्याचं बटण लागेना. मुली दोरीच्या पलीकडे, कारण तो नियम चिलेशेनंच घातला होता आणि ती तो कुणाला मोडू द्यायची नाही. ती एकटी पुढे गेली, गुडघ्यावर बसली आणि बटण हलवून पाहू लागली.

टोक तिच्या चेहऱ्यावर बसलं. डावा डोळा गेला. गालाचं हाड मोडलं, ते नंतर बसवलं.

व्हर्लीनचं पत्र हॉस्पिटलमध्ये चिलेशेच्या भाचीनं फोन चार्ज केल्यावर वाचलं. भाचीनंच उत्तर पाठवलं. त्यात रागाचा शब्द नव्हता. झालं काय तेवढं लिहिलं होतं, आणि शेवटी: ‘आंटी विचारते, हे आधी का नाही सांगितलं?’

सोमवारी व्हर्लीन स्वतःहून रॉइसच्या खोलीत गेली आणि नियम मोडल्याचं सांगितलं. रॉइसनं दार लावून घेतलं.

“मला कशाला सांगितलंत? मी विचारलं नसतं हो!”

“तू विचारलं असतंस. तुझं काम आहे ते.”

“आता मला वर कळवावं लागेल.”

“कळव.”

त्यानं कळवलं. कॉलेजनं प्रयोगशाळेला कुलूप लावलं आणि व्हर्लीनकडून राजीनामा मागितला. सरकारची दोन माणसं तिच्या घरी आली, अदबीनं बोलली, तिनं केलेली कॉफी प्यायली आणि लॅपटॉप घेऊन गेली. दारावरचे फोटो सफाई कामगारांनी काढले. ते कुठे टाकले, विचारलं तर कुणाला माहीत नव्हतं. अँब्रोज व्हिटलो दुसऱ्या राज्यात शिकायला गेला.

डिसेंबरात चिलेशेनं स्वतः फोन केला. व्हर्लीननं मला बोलावून घेतलं होतं, एकटीनं बोलायची तिची हिंमत नव्हती. व्हर्लीननं तोंड उघडण्याआधीच पलीकडून आवाज आला.

“बा व्हर्लीन, रडायला लागलात तर मी फोन ठेवीन. माझ्याकडे पैसे थोडे आणि डोळा एकच आहे.”

“नाही रडत.”

“मला एवढंच सांगा. तुम्हाला माहीत होतं?”

“दहा-बारा दिवस आधी कळलं.”

पलीकडे कुठेतरी कोंबडा ओरडत होता.

“मी समजले तुमच्या देशानं दार लावून घेतलं,” चिलेशे म्हणाली. “मी चिडले. चिडले म्हणूनच हट्टानं उडवायला निघाले. तुमच्या त्या कागदात धोका हा एक शब्द असता ना, तर मी पाहुण्यांसमोर नाक कापून घेतलं असतं, पण रॉकेट लावलं नसतं. तुमच्याकडे ‘हात पोळेल’ हे सांगायलासुद्धा परवाना लागतो का?”

“लागत नसावा,” व्हर्लीन म्हणाली. “पण मी मागत बसले.”

“हं.” मग चिलेशे म्हणाली, “हेडमास्तरांनी पोरींचा रॉकेटचा क्लब बंद केला. पालक म्हणाले, पोरींना शिवणकाम शिकवा. मी त्यांच्याशी भांडले नाही. पहिल्यांदाच भांडले नाही.”

आईचा गुडघा कसा आहे, असं व्हर्लीननं विचारलं. बरा आहे, असं उत्तर आलं.  तो त्यांचा शेवटचा फोन. नवीन वर्षाच्या शुभेच्छा व्हर्लीननं पाठवल्या, त्यांना उत्तर आलं नाही.

फेब्रुवारीत वॉशिंग्टनहून निर्णय आला. पंख हलवणारी जोड नियंत्रणाखाली येते. जुनं लार्क येत नाही, कधीच येत नव्हतं. त्याबद्दल कुणाशीही बोलायला आडकाठी नव्हती. व्हर्लीनवर कारवाई होणार नाही. वकिलांनी कॉलेजला कळवलं की सगळं समाधानकारक मिटलं आहे.

रॉइस ही बातमी घेऊन तिच्या घरी गेला. बायकोनं पीच घालून भाजलेला गोड पाई बरोबर नेला होता. आमच्याकडे कुणाच्या घरी मृत्यू झाला की लोक असंच काहीतरी रांधून नेतात. मी तिथे होते. व्हर्लीननं त्याला ओसरीवर बसवलं, बर्फ घातलेला गोड चहा दिला. त्यानं निर्णय वाचून दाखवला, घडी करून खिशात ठेवला. हातातला ग्लास खाली ठेवला.

“मिस व्हर्लीन, माझ्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं?”

मला वाटलं ती आता काहीतरी लागेल असं बोलेल. त्यालाही तसंच वाटलं असावं, किंबहुना तेच ऐकायला तो आला असावा.

“तेच,” ती म्हणाली. “तू केलंस तेच. माझ्या जागी मीसुद्धा तेच केलं ना, शुक्रवारपर्यंत.”

रॉइसनं डोळ्यांवर हात धरला. ती उठली नाही, त्याच्या खांद्यावर हात ठेवला नाही, त्याला जा असंही म्हणाली नाही.

आता व्हर्लीननं स्वतःच्या नावानं नवीन पान उघडलंय. त्यावर लार्क नाही, फक्त तो दोष आणि तो रेझिस्टर, आणि वर मोठ्या अक्षरात इशारा. रोज सकाळी ती जुनी पत्रं काढते आणि ज्यानं कधी काळी एखादा फोटो पाठवला होता त्याला शोधून लिहिते. पोलंडहून एकाचं उत्तर आलं, त्यानं यंत्र केव्हाच फेकून दिलं होतं. ब्राझीलमधल्या शाळेचा पत्ता बदललाय. फोटो पाठवणारे थोडे होते. न सांगता उचलून नेणारे पुष्कळ, आणि त्यांनी न सांगता न्यावं अशीच तिची इच्छा होती. ते कोण, कुठल्या गावात, कुठल्या मैदानावर, हे कळायचा मार्ग नाही.

मी परवा गेले तेव्हा ती खिडकीशी लिहीत बसली होती. जेवलीस का, विचारलं. नाही म्हणाली. मी सूप गरम करून तिच्यापुढे ठेवलं. मी निघाले तेव्हा ते तसंच होतं, आणि ती पुढचा पत्ता शोधत होती.